लॅपटॉपची उगवण चाचणी

विमल एका जागी बसलेली जालन्यातल्या मस्तगडाच्या गल्लीत सहसा कुणाला दिसत नाही. चहा ती उभ्यानं पिते, भाजी उभ्यानं निवडते, आणि कुणी ओट्यावर बसायला बोलावलं तर बसते खरी, पण एक पाय खाली सोडून. आपला प्रवेश जवळ आलेलं पात्र विंगेत जसं पायातल्या पायात हलत राहतं, तशी ही बाई गेली त्रेचाळीस वर्षं हलत आली आहे.

“हिच्या पायाला देवानं चाकं लावली,” समोरच्या पुष्पाबाई म्हणतात, “फक्त ब्रेक लावायचा राह्यला.”

पण हीच विमल बियाण्यापुढं बसली की दगडाच्या मूर्तीसारखी बसते. औद्योगिक वसाहतीतल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत ती वीस वर्षं उगवण चाचणी करते. शंभर दाणे मोजायचे, ओल्या कागदावर ओळीनं मांडायचे, कागदाची गुंडाळी करून कपाटात उभी ठेवायची. आठव्या दिवशी गुंडाळी उलगडायची आणि सरळ कोंब किती, वाकडे किती, कुजलेले किती, ते लिहायचं. हे काम तिला कुणाला शिकवावं लागलं नाही. अंबड तालुक्यातल्या गावी तिचे वडील पेरणीच्या आधी ओल्या पोत्यावर शंभर दाणे टाकून ठेवायचे आणि लहानग्या विमलला मोजायला बसवायचे. “बियाण्यावर अन् पाव्हण्यावर आठ दिसाच्या आत भरोसा ठेवू नये,” असं म्हणायचे.

या वीस वर्षांत तिनं मोजलेल्या दाण्यांखाली सही मात्र दुसऱ्याचीच झाली. अहवालावर सही करायला कृषीची पदवी लागते. विमलचं शिक्षण बारावीपर्यंत. तिच्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान मुलं पदवी घेऊन यायची, तिच्याकडूनच वाकडा कोंब कसा ओळखायचा ते शिकायची आणि सहा महिन्यांनी तिच्या आकड्याखाली झोकात सही करायची. एक दिवस ती उठली आणि मुक्त विद्यापीठात नाव घालून आली.

त्याला आता आठवं वर्ष होतं. नोंदणीची मुदत आठच वर्षांची. सगळे पेपर सुटले होते, राहिला होता शेवटचा प्रकल्प: साठवणुकीच्या पद्धतीचा हरभऱ्याच्या उगवणीवर होणारा परिणाम. तो महिनाअखेरपर्यंत संगणकावरून पाठवला नाही, तर आठ वर्षं पाण्यात आणि सही कायमची दुसऱ्याची. आतापर्यंत ती जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या संगणकावर लिहीत असे. अठरा तारखेला कंपनीत नवा नियम आला: बाहेरची फाइल या संगणकांत चालणार नाही. विमलनं आपलं अर्धं राहिलेलं लिखाण पेनड्राइव्हवर घेतलं, पर्समध्ये टाकलं, आणि त्या दिवसापासून तिच्या पायांना जी गती आली ती काही थांबेना.

“मोबाईलवर न्हाई का होत?” गजाननानं विचारलं. तिचा नवरा गजानन लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये पाळीवर कामाला. आठवड्याआड दिवसा झोपायचा, आणि घर दोन खोल्यांचं.

“दीडशे फोटो अन् साठ पानं हायेत. मोबाईलवर लिहिता लिहिता बोटं झिजतील माझी.”

“मंग मोठा कम्प्युटर घेऊन टाक. पक्का. कोपऱ्यात ठिवू.”

“कोणत्या कोपऱ्यात? तुम्ही झोपता त्या, का गॅस हाय त्या?”

गजाननानं दोन्ही कोपऱ्यांकडे पाहिलं आणि कूस बदलली.

म्हणून लॅपटॉप. आणि तोही उचलता येईल असा. नवरा झोपला की जिन्यावर, जिन्यात ऊन आलं की पुष्पाबाईंच्या ओट्यावर, तिथं बायका जमल्या की कंपनीच्या कँटीनमध्ये, असा तिचा अभ्यास आठ वर्षं या मुक्कामावरून त्या मुक्कामावर फिरतीच्या नाटक कंपनीसारखा चालला होता. बियाण्याचे ट्रे उचलून उजवा खांदा कामातून गेलेला. भिशीचे पंचवीस हजार हातात होते. त्यात बसेल, खांद्याला झेपेल आणि वीज गेली तरी चालत राहील, एवढीच तिची मागणी.

प्रयोगशाळेतल्या नागसेननं ऐकून घेतलं. तो तिच्या शेजारच्या टेबलावर ओलावा तपासायचा. “ताई, नवीन जालन्यात राधेश्यामच्या दुकानात जा. मोठ्या कंपन्यांनी दोन-तीन वर्षं वापरून सोडलेले लॅपटॉप असतेत त्याच्याकडं. कमी पैशात दणकट माल.”

“वापरलेला?”

“हां.”

“नागसेन, आपण फोडलेली पिशवी घेतो का कधी?”

“ताई, ते बी न्हाई. मशीन हाय.”

“सील तुटलं की जिम्मेदारी संपली. शिकवलंय ना मीच तुला.” आणि ती तिथून निघालीसुद्धा.

दोन दिवसांत ती स्टेशन रोडची पाच दुकानं फिरली. कुठं विक्रेता पडद्यावरचं रंगीत फूल दाखवायचा, कुठं हप्ते सांगायचा. शेवटी ती राधेश्यामच्याच पायरीवर येऊन ठेपली. एके काळी त्याचे वडील याच गाळ्यातून गॅसबत्त्या आणि भोंगे भाड्यानं द्यायचे. मेळे असोत, नाटकं असोत, त्यांच्या बत्त्या लागल्याशिवाय पडदा वर जात नसे. बत्त्या गेल्या, रेडिओ आले, रेडिओ गेले, लॅपटॉप आले. गिऱ्हाईक बसलं की आधी पाणी, मग माल, ही रीत तेवढी राहिली.

“बसा ताई.”

“बसत न्हाई. हलका दाखवा. वजन किती ते बराबर सांगा.”

त्यानं दोन मांडले. एक नवा, खोक्यात बंद, सील जसंच्या तसं. दुसरा काळा, वापरलेला, कडेला थोडा घासलेला.

“नवा एक किलो तीनशे. जुना दीड किलो.”

“बारदानासकट?”

राधेश्याम हसला. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात वाढलेला माणूस, त्याला समजावून सांगावं लागलं नाही. पोत्याचं वजन धरून की सोडून, यावरच तर त्याच्या आजोबांचे अर्धे तंटे झालेले. “चार्जर धरून म्हणता? वो तो कोई पूछताच न्हाई.”

“खांद्याला सगळंच लागतं, शेठ.”

शेजारच्या किराणा दुकानातून काटा आला. नवा खोक्यातून न काढता तोलता येईना. मग त्याच्यासारखाच मांडणीतला एक बंद पडलेला घेऊन चार्जरसह तोलला: एक किलो सहाशे. जुना चार्जरसह एक किलो नऊशे. किंमत दोघांची जवळपास सारखी.

“ताई, माझं ऐकाल तर जुना न्या,” राधेश्याम म्हणाला. “नवा दिसायला छान हाय, पण त्याचं पोट लहान हाय. थोडं खाल्लं की सुस्त होतो. शाळेच्या लेकरांना ठीक. तुमचे दीडशे फोटो म्हणता ना?”

“उघडून दाखवा मंग नवा.”

“सील तोडलं की तो जुना झाला. मंग तुम्हीच घेणार न्हाई.”

विमल खोक्याभोवती फिरली. याच वर्षाची तारीख. चारही बाजूंना पट्टी. कोपऱ्यावर चकचकीत टॅग. वीस वर्षं तिनं हेच पाहिलं होतं. पिशवीला टॅग लागतो तो उगीच नाही. त्याच्यामागं कुणीतरी शंभर दाणे मोजलेले असतात. तिच्या मनानं घेतलं की या खोक्यामागंही कुठल्यातरी कारखान्यात एखादी विमल बसलेली असणार. तिनं उघडून बघितलं असणार, मोजलं असणार. आणि जुन्याचं काय? तो कुणी वापरला, कुठं ठेवला, काही पत्ता नाही. गतसालचं बी.

“हाच द्या. फोडलेली पिशवी मी घेत न्हाई,” ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं चाचणी न करता काहीतरी पसंत केलं होतं.

पहिल्या दिवशी जिन्यावर सगळं झकास झालं. हलका, चंदेरी, मांडीवर मांजरासारखा बसला. पुष्पाबाई हात पुसत बघून गेल्या. दुसऱ्या दिवशी विमलनं फोटो भरले, आणि पडद्यावर एक छोटं चक्र फिरायला लागलं. ते फिरत राहिलं. विमल उठली, कणीक मळली, आली. चक्र फिरतच होतं. गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आली. चक्र फिरतच होतं. साठ पानांची फाइल सतराव्या पानावर येऊन जी बसली, ती संवाद विसरलेल्या नटासारखी तोंड उघडं टाकून बसली. मग पाटी आली: जागा शिल्लक नाही.

तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी पंचवीस तारीख उजाडली.

“तू अन् तो, दोघांपैकी एक जण तरी बसा गं,” पुष्पाबाई ओट्यावरून म्हणाल्या. “तो फिरून राह्यला, तू फिरून राह्यली. मला चक्कर येऊन राह्यली.”

विमल हसली नाही. त्या दिवशी कंपनीत तिनं शंभर दाण्यांऐवजी एकशे एक मांडले. नागसेननं तो जादा दाणा उचलून तिच्या तळहातावर ठेवला.

“काय झालं, ताई?”

तिनं सांगितलं. नागसेननं हातातलं ओलाव्याचं यंत्र खाली ठेवलं. “तुमच्या प्रकल्पात हरभऱ्याची कोणती पिशवी सगळ्यात चांगली उगवली?”

“मागच्या सालची. कोरड्या जागेत नीट ठेवलेली.”

“अन् नवी?”

“ओल्या कोठीतली नवी... सत्तरच्या पुढं गेली न्हाई.” सांगता सांगता तिचा आवाज खाली आला.

“साठ पानं लिहिली तुम्ही त्याच्यावर,” नागसेन म्हणाला, आणि आपल्या टेबलाकडं वळला.

विमलनं त्या दिवशी अर्धी रजा टाकली. रिक्षा मिळेपर्यंत थांबायला तिला जमलं नाही. निम्म्या रस्त्यापर्यंत चालतच गेली. राधेश्यामच्या काउंटरवर तिनं चंदेरी लॅपटॉप ठेवला, शेजारी खोकं, शेजारी चार्जर.

राधेश्यामनं खोक्याची तुटलेली पट्टी बोटानं वर उचलून पाहिली. “ताई, फोडलेली पिशवी.”

“हां.”

“तुमचाच कानून हाय.”

“माझाच हाय,” विमल म्हणाली. “चूक बी माझीच हाय. तुम्ही सांगितल्तं, मी ऐकलं न्हाई. पण शेठ, तीस तारखेला माझी आठ वर्षं संपून राह्यली. तो काळा अजून हाय का?”

राधेश्यामनं तिच्याकडं पाहिलं. या बाईला पहिल्या दिवसापासून त्यानं बसलेलं पाहिलं नव्हतं, आणि आज ती काउंटर धरून उभी होती. त्यानं आतून काळा लॅपटॉप आणला.

“नवा मी वापरलेला म्हणून विकीन. तीन हजाराचा फटका तुम्हाला. याच्याहून कमी मला जमणार न्हाई, अन् जास्त घेणार न्हाई. कबूल?”

“तीन हजार कबूल. पण आधी चाचणी.”

“कैसी चाचणी?”

“शंभराची.”

आणि विमल बसली. दुकानातल्या स्टुलावर, दोन्ही पाय वर घेऊन, पाठ ताठ. तिनं पेनड्राइव्ह लावला, वही उघडली, आणि दीडशेतले शंभर फोटो, मधूनमधून निवडून, एकेक करून उघडायला लागली. फोटो उघडला की वहीत एक रेघ. पाच रेघांचा एक गठ्ठा. फोटो फाइलमध्ये घालायचा, पान पुढं सरकतं का बघायचं, पुढचा. मध्येच तिनं चार्जर काढायला लावला. “वीज गेली समजा.” राधेश्यामनं निमूटपणे काढला. गिऱ्हाइकं आली, पाणी पिऊन गेली. एकानं विचारलं, “बाई काय करून राह्यल्या?” राधेश्याम म्हणाला, “शूऽ. मोजून राह्यल्या.”

सव्वा तास झाला. सतरावं पान कधी मागं पडलं ते तिला कळलंही नाही.

“शंभरात सत्त्याण्णव,” ती म्हणाली.

“अन् तीन?”

“तीन उघडले न्हाईत. पण त्यात याचा दोष न्हाई. ते माझ्या मोबाईलमध्येच खराब झाले असतील.”

“पास किती लागतेत?”

“हरभऱ्याला पंच्याऐंशी.” तिनं वही मिटली. “बांधा. बारदानासकट.”

पुढचे चार दिवस तो काळा लॅपटॉप जिन्यावर, ओट्यावर, कँटीनमध्ये फिरला. तीनशे ग्रॅम जास्तीचे खांद्याला रोज सांगायचे, मी आहे. विमलनं एकदा डाव्या खांद्यावर घेतला, एकदा उजव्या, आणि तक्रार केली नाही. गजाननाची दिवसपाळी सुरू झाली होती, त्यामुळं घर मोकळं होतं. पण सवयीनं ती जिन्यावरच बसे. ते तीन फोटो पुन्हा मिळण्यातले नव्हते, कारण त्यातले कोंब केव्हाच मातीत गेलेले. ते नुसते गाळले असते तर कुणाच्या लक्षात आलं नसतं. तिनं शेवटच्या पानावर लिहिलं: तीन छायाचित्रं उपलब्ध नाहीत. न उगवलेले दाणे लपवायची तिला सवय नव्हती.

एकोणतीस तारखेला दुपारी पुष्पाबाईंच्या ओट्यावरून प्रकल्प गेला. पोहोचल्याची पावती पडद्यावर आली, तेव्हा विमल उठून गल्लीत दोन फेऱ्या मारून आली.

“आता काय राह्यलं?” पुष्पाबाईंनी विचारलं.

“निकाल.”

“तोवर तरी बसशील का?”

विमल ओट्यावर टेकली. पर्समधून तिनं प्रयोगशाळेतला एक कोरा टॅग काढला, पिशव्यांना लावतात तसला, आणि दातात पेन धरून क्षणभर विचार केला. मग त्यावर लिहिलं: वाण, काळा. साल, मागचं. उगवण, सत्त्याण्णव. खाली सहीची जागा होती. दुसऱ्या टॅगांवर ती जागा ती नेहमी मोकळी सोडून साहेबाच्या टेबलावर ठेवायची.

तिनं सही केली. अक्षर जरा वाकडं आलं. वीस वर्षांत सराव नव्हता. मग टॅग लॅपटॉपच्या पाठीवर चिकटवला, आणि एक पाय खाली सोडून, टॅगच्या कडा नखानं दाबत बसली.