काठोकाठ पेला

बाजारच्या दिवशी दुपारी शिरूर-न्हावरे रस्त्यावर मालट्रकने बैलगाडीला मागून धडक दिली. गाडीतले मायलेक जागीच मरण पावले. राज्यात दारूबंदी होती. मी शिरूरला फौजदार होतो. ती घटना आजही आठवते, ती आठ दिवस आधीच्या एका सकाळीमुळे.

त्या सकाळी त्याच ट्रकच्या ड्रायव्हरची बायको ठाण्यात आली.

"सायेब, आमचे मालक रोज पिऊन गाडी हाकत्यात. त्यांचं लायसन काढून घ्या. एक दिस कुनाचा तरी जीव जाईल."

आम्ही त्याला नाक्यावरून आणले. दवाखान्याचे डॉक्टर फिरतीवर होते. मग ठाण्याची जुनी रीत वापरली : काठोकाठ भरलेला पेला हातात देऊन व्हरांड्यातल्या फरशीच्या एका रेघेवरून चालवायचे. पाणी सांडले, तर माणूस प्यालेला.

"भरा की आनखी," तो हसत म्हणाला. गेला, वळला, परत आला. थेंब सांडला नाही. तोंडाला तंबाखूचा उग्र वास होता. त्याखालचा दुसरा वास आम्हाला लागला नाही.

हवालदार त्याच्या बायकोला म्हणाले, "बाई, याच्यापेक्षा माझाच हात जास्त हलतो. घरचं भांडण ठाण्यात कशाला?"

"झिंगनारा तुमाला कळतो, हवालदार," ती म्हणाली. "ह्ये झिंगत न्हाईत, त्याचंच भ्या वाटतंय."

मी डायरीत 'नशेत नाही' असे लिहून त्याला सोडले.

अपघातानंतर तो पळाला नाही. जागेवरच सापडला, चालही सरळ होती. रात्रभर कोठडीत राहिला. सकाळी जबाबासाठी समोर बसवले तेव्हा चहाची बशी ओठापर्यंत नेता येईना. चहा सदऱ्यावर सांडला.

"आज हात का हलतो?" मी विचारले.

त्याने बशी खाली ठेवली. मग म्हणाला, "कालपास्नं घेतली न्हाई, सायेब."

"आणि पेल्याच्या दिवशी?"

"घेऊनच आलो हुतो. न्हाईतर पानी सांडलं आसतं, आन् तुमी धरलं आसतं."

त्याला सजा झाली, लायसन्स रद्द झाले. तो सुटला तोवर माझी बदली दौंडला झाली होती. तोही दौंडला राहायला आला. नव्या लायसन्ससाठी त्याने अर्ज केला आणि चौकशीचा कागद माझ्याकडे आला. मी लिहिले : 'अर्जदार रोज पिणारा असून पुन्हा पिऊन गाडी चालवील. त्यास एक दिवस दारूविना बसवून मग हात पाहावेत.' पेल्याने कोण झिंगतो ते कळते, कोण दारूविना उभा राहू शकत नाही ते कळत नाही, हे मला दोन जीव गेल्यावर समजले होते.

उत्तर आले : 'अशा तपासणीची नियमात तरतूद नाही.'

पुढच्या महिन्यात त्याला लायसन्स मिळाले. अर्जाला डॉक्टरी दाखला जोडलेला होता. त्यावर शेरा होता : 'हात स्थिर.'