वेरा होलोवाटी आणि विनिपेगचे घड्याळ

११ जून. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातील आमच्या धान्य-तपासणी कार्यालयाने वेरा होलोवाटी हिला 'नोंदींत फेरफार केला' असा ठपका ठेवून कामावरून काढले. मी तेथेच प्रतवारी अधिकारी आहे आणि माझे टेबल तिच्या शेजारी होते.

वेरा पन्नाशीची, मितभाषी. गावोगावच्या कोठारांकडून नमुन्यांचे अहवाल ज्या सर्व्हरवर येतात, तो तिच्या ताब्यात असे. हिवाळ्यात मुख्यालयाने शेजारच्या प्रांतातील विनिपेगहून नवा सर्व्हर सज्ज करून पाठवला. वसंत लागताच दुपारी बाराच्या मुदतीआधी, पण अकरानंतर आलेले अहवाल उशिराचे ठरून परत जाऊ लागले. वेराने अकराला एक कोरी फाइल चढवून पाहिली. फाइलपुढे बाराची वेळ उमटली. तिने मुख्यालयातील गॉर्डन पेलेकला फोन लावला. आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"आमच्या घड्याळात खोट काढतेस होय गं?"

"घड्याळ बरोबर आहे, गॉर्डन. ते विनिपेगचं आहे. उन्हाळ्यात तुम्ही घड्याळं तासभर पुढे करता, आम्ही नाही करत."

"का? तुमच्या गाईंना जमत नाही?"

"त्यांना धारेची वेळ कळते. तेवढं पुरतं."

"बरं बाई, कर काय ते दुरुस्त. मला जेवू दे."

"लेखी द्याल?"

"एवढ्याशा कामाला? कमाल आहे तुझी!"

वेराने सर्व्हरचा वेळ-विभाग तेवढा बदलून विनिपेगऐवजी सस्कॅचवानचा केला. एकाही फाइलला हात लावला नाही. फाइलच्या आत जागतिक वेळ असते. ती पाहणाऱ्याला सर्व्हरच्या विभागाप्रमाणे दिसते. त्यामुळे वसंतापासूनच्या साऱ्या फाइली तासभर आधीच्या दिसू लागल्या. लेखापरीक्षकांनी मे महिन्यात छापून नेलेल्या यादीशी त्या जुळेनात. चौकशीत गॉर्डन म्हणाला, "मी असं काही सांगितलंच नव्हतं." मी ऐकलेले लेखी कळवले. पोच आली, उत्तर आले नाही.

शेवटच्या दिवशी वेराने घरून आणलेल्या पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, न तापवताच खाल्ल्या, डबा धुतला, पुसला.

"भांडणार नाहीस?" मी विचारले.

"कुणाशी, लॉइड? बटाट्यांना माती लावायची राहिलीय."

तिच्या स्वरात राग नव्हता. दुसरेही काही नव्हते.

कोठारांच्या व्यवस्थापकांनो, हे पत्रक तुमच्याच हाती पडते. परत आलेले अहवाल तुम्ही कधी पाठवले, याची नोंद तुमच्या संगणकांत आहे; वेराने लावलेली वेळच खरी, हे तिच्यावरून दिसेल. ती काढा, स्वतःच्या नावानिशी मुख्यालयाच्या मंडळाकडे पाठवा आणि वेराला कामावर परत घेण्याची मागणी करा. याच आठवड्यात करा.