पागेच्या पाहणीला आलेल्या म्हशी

पागेची पाहणी करायला सरकारी मॅडम आल्या, त्या सकाळी मी अक्काच्या लेकाची मोटारसायकल त्याला न विचारता चालू केली. मी एवढंच केलं. बाकीचं म्हशींनी केलं.

आमच्या पेठेच्या टोकाला संस्थानच्या काळातली पागा आहे. तीन बाजूंना दगडी कमानी, त्यांत पूर्वी घोडी बांधत, आणि मधोमध घोड्यांना पाणी पाजायचा हौद. संस्थान गेलं, घोडी गेली, हौद राहिला. त्यावर आता अक्काच्या म्हशी पाणी पितात. अक्का म्हणजे आमच्या गल्लीतली गवळीण. वयानं माझ्याएवढीच, पण सगळी पेठ तिला अक्का म्हणते म्हणून मीही म्हणतो. संध्याकाळी ती पागेच्या दारात म्हैस उभी करते, गिऱ्हाईक बाजूला थांबतं आणि धार थेट त्याच्या पेल्यात पडते. मिशीला फेस लागल्याशिवाय आमच्याकडे दूध प्यायलं असं कुणी धरत नाही.

वस्तादांना नेमकं त्या हौदाच्या जागी जुन्या पैलवानांचं स्मारक हवं होतं. वस्ताद आमच्या तालमीचे. पागेतल्या एका कमानीत पूर्वी आखाडा होता, तिथं त्यांचे वडील, चुलते आणि पेठेतले कितीतरी पैलवान तयार झाले. फोटो कुणाचेच नाहीत. "शुक्रवारची नमाज झाली की मी हितं येऊन बसतो," वस्ताद सांगायचे. "बापाचं तोंड आठवतंय, बाकीच्यांची पुसट व्हायला लागल्यात." यावर काय बोलणार? आराखडा असा होता: हौद बुजवायचा, त्यावर चौथरा, चौथऱ्यावर झुंजणारी पैलवानांची जोडी, भोवती हिरवळ, हिरवळीला कुंपण, कुंपणाला फाटक. फाटक आलं की म्हशी बाहेर. अक्काच्या गोठ्यातला नळ माणसांपुरता. हौद गेला तर म्हशी विकायच्या, दुसरा रस्ता नव्हता, आणि हे वस्तादांनाही ठाऊक होतं.

पेठ दुभंगली. चहाच्या टपरीवरची बाकडी वाटली गेली. तालमीतल्या पोरांनी अक्काकडचं दूध सोडलं आणि पिशवीतलं प्यायला सुरुवात केली. पैलवान पिशवीतलं दूध प्यायला लागला, यावरनं प्रकरण किती ताणलं होतं ते कोल्हापूरकराला कळेल. मग एका सकाळी हौदात जळकं काळं ऑइल तरंगताना दिसलं. म्हशी काठावर आल्या आणि हुंगून मागं सरकल्या. अक्का आणि तिचा लेक दिवसभर हौद उपसत होते. तालमीतली पोरं कमानीत उभी राहून बघत होती. कुणी हसलं नाही, कुणी हातही लावला नाही. मी त्या दिवशी घरी होतो. मला अंगात कणकण वाटत होती. ती हौद स्वच्छ झाल्यावर गेली.

स्मारकाच्या परवानगीसाठी सरकारी पाहणीची तारीख लागली तशी अक्का आमच्या दारात आली.

"तुमी कवातरी पागंवर लिवलंय म्हणं," ती म्हणाली.

लिहिलं होतं. एका दिवाळी अंकात दीड पान, त्यातलं अर्धं पान फरसाणाची जाहिरात.

"मग आमच्याकडनं तुमीच बोला. आमी बोललो की भांडण वाटतंय, तुमी बोलला की भाषण वाटतंय."

मी फुगलो. त्या भरात तिला सल्लाही दिला. पाहणीच्या वेळी आवारात एकही म्हैस दिसता कामा नये, शेणाचा पो दिसता कामा नये. मॅडमना पटलं पाहिजे की ही जनावरं शिस्तीची आहेत, ऐतिहासिक वास्तूला त्यांच्यापासून काडीचा धोका नाही. भाषणाचा सगळा डोलारा मी याच एका मुद्द्यावर उभा केला होता. अक्कानं ऐकलं. चारही म्हशी पागेच्या मागच्या बोळात कोंडल्या आणि बोळाच्या तोंडाला बांबू आडवा लावला.

पाहणीच्या सकाळी हौदाभोवती स्मारकाची पांढरी फक्की आखलेली होती. एका अंगाला फेटा बांधून वस्ताद आणि त्यांची पोरं, दुसऱ्या अंगाला अक्का, तिचा लेक आणि गल्लीतल्या बायका. मधे बंदोबस्ताचे पोलीस. दोन्हीकडची माणसं एकमेकांची सोयरी, शेजारी, वर्गमित्र, पण नजरेला नजर देत नव्हती. मॅडम विदर्भातनं नुकत्याच बदलून आलेल्या. आराखडा हातात घेऊन त्या फक्कीवरनं सावकाश चालत होत्या. त्यांच्या पावलांचा आवाज ऐकू यावा एवढी शांतता होती. आधी वस्ताद बोलणार, मग मी. मी खिशातनं भाषण काढलं, दुसऱ्या खिशात हात घातला आणि समजलं की चष्मा घरी आहे.

घरी पळालो. परत येताना जवळचा म्हणून मागच्या बोळाच्या तोंडावरनं जाणारा रस्ता धरला. पागेच्या मागच्या दारात अक्काच्या लेकाची मोटारसायकल आडवी लावलेली, किल्ली तिलाच. आतनं वस्तादांचा आवाज येत होता, तो शेवटाकडे आल्यासारखा वाटला. गाडी ढकलून बाजूला करायला माझी कंबर साथ देईना. म्हटलं, चालू करून सरळ आत घालू, मॅडमपर्यंत वेळेत पोचू.

इथं बाहेरगावच्या वाचकाला एक सांगायला हवं. दिवाळी पाडव्याला आमच्याकडे गवळी म्हशी सजवून रस्त्यावर आणतात आणि पळवतात. पळवायच्या म्हणजे मागनं हाकायच्या नाहीत. मालक सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलवर पुढं आणि म्हैस त्या आवाजामागं. त्यासाठी आधी कितीतरी दिवस सराव चालतो. गाडी जेवढी पिळावी तेवढी म्हैस जोरात पळते, आणि आपल्या मालकाच्या गाडीचा आवाज ती हजारांत ओळखते. हे पेठेतल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. मलाही माहीत आहे. पाडवा तोंडावर आला होता, सायलेन्सर निघालेला होता, आणि ज्यानं पागेवर दीड पान लिहिलं त्यानं किक मारली.

मागं बांबू मोडल्याचा आवाज आला.

गाडी तिथंच बंद केली असती तर गोष्ट संपली असती. पण आरशात चार डोकी दिसली आणि माझ्या हातानं आपोआप मूठ पिळली. मी आवारात शिरलो, म्हशी आवारात शिरल्या. बायका कमानींत चढल्या. मी हौदाला वळसा घातला, म्हशींनी वळसा घातला, फक्कीचा धुरळा उडाला. थांबलो तर तुडवतील, म्हणून मी आणखी पिळली. दुसऱ्या फेरीला मला मॅडम दिसल्या. त्या हौदाच्या कठड्याला पाठ लावून उभ्या होत्या आणि त्यांच्या तोंडावरचा रंग गेला होता. त्यांच्यापुढं वस्ताद दोन्ही हात पसरून, आखाड्यात उभे राहावेत तसे. माझ्या मागची म्हैस त्यांना चुकवायला वळली, पण तिचा खांदा त्यांना लागला. वस्ताद दगडावर पडले.

अक्का धावत आली, तिनं चालत्या गाडीची किल्ली ओढून काढली. आवाज थांबला. म्हशी जागच्या जागी थांबल्या. त्यातली एक शांतपणे हौदाशी गेली आणि पाणी प्यायला लागली.

वस्ताद उठत नव्हते. तालमीतली पोरं एकदम पुढं सरकली. अक्काच्या लेकानं मोडक्या बांबूचा तुकडा उचलला. एक पोलीस माझ्याकडे, दुसरा बांबूकडे बघायला लागला. त्या क्षणी कुणी नुसती शिवी जरी दिली असती तरी पागेत डोकी फुटली असती, आणि ती माझ्या नावावर लागली असती.

"जागचं कुणी हलायचं न्हाय," वस्ताद खालनंच म्हणाले. गुडघा दोन्ही हातांनी धरलेला. "जनावर हाय ते. माणसागत करू नका."

पोरं थांबली. लेकानं बांबू टाकला.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही कोण?"

"मी... अक्कांच्या बाजूनं बोलणार होतो."

"बोललात," त्या म्हणाल्या. मग पोलिसाला म्हणाल्या, "पुढच्या सुनावणीपर्यंत एकही जनावर या आवारात येता कामा नये."

पाणी पिणाऱ्या म्हशीला अक्कानं अर्ध्यातनं वळवलं आणि चौघींना घेऊन मागच्या दारानं गेली. दुपारपर्यंत माझ्या फेऱ्यांचा व्हिडिओ पेठेतल्या सगळ्या मोबाइलवर पोचला होता. माझ्या मुलीनं तो मला इचलकरंजीहून पाठवला, खाली काही न लिहिता.

संध्याकाळी वस्तादांच्या घरी माफी मागायला गेलो. दारातच पाय अडला. उंबऱ्याच्या आत अक्का बसली होती, शेजारी दुधाची किटली. वस्ताद कॉटवर, गुडघ्याला पट्टी.

"या फटफटीवाले," वस्ताद म्हणाले. "आज चालत आलासा?"

मी कोपऱ्यात बसलो. माझ्या येण्यानं तुटलेलं बोलणं अक्कानं पुढं नेलं.

"माझ्या म्हशीनं तुमास्नी पाडलं, म्हणून आलो. हौदाचं मागायला आलो न्हाय."

वस्तादांनी पट्टीचा गुडघा हातानं सरळ केला.

"हौदात तेल आमच्या पोरांनी टाकलंतं," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशीच मला कळालं. मी गप बसलो."

"म्हाईत हाय."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी बोलताय का ते बघत हुतो."

अक्कानं पेला भरला आणि पुढं केला. वस्तादांनी तो हातात घेतला, लगेच प्यायले नाहीत.

"चौथरा आखाड्याच्या कमानीम्होरं घालूया," ते म्हणाले. "जिथं घाम गाळला तिथं. हौद ऱ्हाऊ दे. सकाळी लोकांस्नी फाटक उघडायच्या आधी म्हशी पाणी पिऊन जाऊ देत. मी सांगतो मॅडमला."

"मॅडम ऐकतील?" अक्कानं विचारलं. "आजचं बघितल्यावर त्या म्हशीचं नाव तरी काढू देतील?"

वस्तादांनी पेला तोंडाला लावला. उत्तर माझ्याकडे होतं. मी घसा साफ केला आणि म्हणालो की पुढच्या सुनावणीत मी सगळं पद्धतशीर मांडतो, यावेळी चष्मा आठवणीनं आणतो.

कित्येक महिन्यांनी त्या दोघांनी एकमेकांकडे सरळ बघितलं.

"वस्ताद," अक्का किटलीचं झाकण लावत म्हणाली, "मॅडमला एवढंच सांगा. म्हशी गुणाच्या हाईत. त्या दिवशी एकच जनावर मोकाट सुटलंतं, ते आमी इथनं फुडं बांधून घालतो."