भाटव्यानं भिजवलेली चाकं

माझ्या बहिणीचा नवरा, आमच्या वऱ्हाडात भाटवा म्हणतात, तो गेला तेव्हा मी त्याच्या तिरडीला खांदा दिला. पण त्यानं माझं जे केलं ते मी तिरडीवर ठेवलं नाही. परत घरी घेऊन आलो. ते आज लिहून काढतो.

शाळा मला मानवली नाही. बहीण अकोल्याला दिलेली. भाटव्याचं तिथं मोटार दुरुस्तीचं दुकान, म्हणून मला त्याच्याकडे काम शिकायला धाडलं. तो मूळचा सुतार. त्याच्या घरी पिढ्यानपिढ्या बंडीची, म्हणजे बैलगाडीची, चाकं होत. लाकूड त्याला कळत होतं, तेवढं मी कबूल करतो. मोटार कळत नव्हती.

कापसाचा जिन चालवणाऱ्या एका शेठची जुनी मोटार दुकानात येई. दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीची, तिच्या चाकांना लाकडाचे आरे. वैशाखात अकोल्याला जिथं लाकूड तिथं फट पडते. आरे कटकट वाजू लागले. भाटव्यानं चारही चाकं काढली आणि रातभर गुरांच्या हौदात टाकून दिली. बंडीचं चाक ढिलं झालं की आमच्याकडे सगळे हेच करतात. लाकूड फुगतं, वरच्या लोखंडी धावेत घट्ट बसतं. पण या चाकांना आतून ब्रेकचे ड्रम बोल्टानं कसलेले होते. ते ड्रमही पाण्यात.

मी म्हटलं, "भाऊजी, हे बंडीचं चाक नाही. बंडीले ब्रेक नसते."

दुकानात चार ड्रायव्हर बसले होते. त्यांच्याकडे पाहून तो म्हणाला, "साळा मले चाक शिकवून राहिला. तुह्या बापानं उभ्या जन्मात चाक केलं का रे?" सगळे हसले. जावयानं साळ्याची टर उडवावी आणि साळ्यानं ती ऐकून घ्यावी, ही रीतच. मी ऐकून घेतली.

दुसऱ्या दिवशी चाकं गच्च. शेठ खूश. मग ऊन लागलं, लाकूड सुकलं आणि पहिल्यापेक्षाही आकसलं. बोल्ट ढिले पडले, ड्रम डुलू लागले, आतून गंज धरला. काटेपूर्णा नदीच्या उतारावर शेठनं ब्रेक दाबला तर एकच चाक धरलं. गाडी फिरली आणि बाभळीवर गेली. शेठचा हात मोडला तो पुढं वाकडाच राहिला.

शेठची माणसं दुकानात आली तेव्हा भाटवा हात जोडून म्हणाला, "चाकं मी केली, पण ब्रेक या साळ्यानं बांधले. याच्या हाती दिले, हेच माहं चुकलं."

बहीण आतल्या दारात तोंडाला पदर लावून उभी होती. मी तोंड उघडलं असतं तर तिचा संसार पेटला असता. मी माझी वळकटी उचलली आणि अमरावतीची गाडी धरली.

अमरावतीला बदनामी माझ्या आधी पोचली होती. ड्रायव्हर विचारत, शेठचा हात मोडणारा तूच का? इंजिनाचं काम देत, ब्रेकला हात लावू देत नसत. लग्न झालं, पोरं झाली, वलगाव रोडला माझं स्वतःचं टिनाचं दुकान झालं, तरी ब्रेकचं गिऱ्हाईक येईना. जेवताना घास तोंडात असायचा आणि डोक्यात भाटवा.

ती मोटार जिनाच्या शेडात सडत पडली आहे असं कळलं. मी शेठकडे गेलो, म्हटलं गाडी मले द्या, नवी करून देतो. त्यानं विचारलं, काहून? मी म्हटलं, "मले माहं नाव पाहिजे. गाडी झाली की एक दिवस मी नेईन तिकडे चला." त्यानं वाकड्या हातानंच शेडाची चावी काढली. मग त्यानं कापसाच्या गाठींच्या ट्रकवर गाडी चढवून दिली.

मेळघाटातलं जुनं, मुरलेलं तिवसाचं लाकूड आणलं. एकेक आरा हातानं तासला, जवसाचं तेल पाजलं. पाण्याचा थेंब लागू दिला नाही. ड्रम खरादावर, म्हणजे लेथवर, घासून आणले, ब्रेकचे नवे पट्टे तांब्याच्या रिबिटांनी ठोकले. गाडी ठोकळ्यांवर उचलून ब्रेकच्या सळ्या इतक्या वेळा आवळल्या नि सैल केल्या की बायको म्हणाली, आता इथंच झोपत जा. चारही चाकं एका दमात थांबेपर्यंत मी सोडलं नाही. प्रत्येक रिबिट ठोकताना मला भाटव्याचं तोंड दिसत होतं. हात चांगला बसत होता.

तेवढ्यात धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलवावं लागतं, आणि जावयाला नाही म्हणता येत नाही. बहिणीचं माहेर म्हणजे आता माझंच घर होतं. बहीण आदल्या दिवशी रेल्वेनं आली. जावयाला मी स्वतः मोटारीनं आणतो म्हणून निरोप धाडला.

अकोल्याला आपल्या दारात ती मोटार आणि मागच्या सीटवर शेठ पाहून भाटव्याचं पाऊल अडलं. पण गल्ली पाहून राहिली होती. नवं धोतर, टोपी घालून तो माझ्या बाजूला बसला.

काटेपूर्णेचा उतार लागला तशी मी गाडी सोडून दिली.

"भाऊ, हळू," तो म्हणाला. एरवी मी साळा होतो.

बाभळीजवळ आलो. स्टेअरिंगवरचे दोन्ही हात काढले आणि ब्रेक दाबला. गाडी सुतासारखी सरळ थांबली. मागची धूळ आमच्यावरून पुढं निघून गेली.

"भाऊजी, उतरा. चाकं पाहा."

तो उतरला. आरा हलवून पाहिला. सुताराचा हात, खोटं बोलेना. "तिवस हाय," म्हणाला.

"भिजवाचं का?"

मी गाडी बंद केली. म्हटलं, मले घाई नाही. घरी पुरण शिजलं आहे, पानं मांडली आहेत, पण जावयाशिवाय कोणी जेवत नाही. लेकरं उपाशी बसतील, आपणही बसू.

ऊन चढत गेलं. शेवटी तो शेठकडे न पाहता बोलला, "चाकं मी भिजोली होती. यानं नाही म्हटलं होतं."

"ऐकू नाही आलं," मी म्हटलं.

तो पुन्हा बोलला, मोठ्यानं. शेठनं भाटव्याला फक्त एवढं विचारलं की मग इतके दिवस काहून गप राहिला. तो गाडीत जाऊन बसला. शेठनं ती गोष्ट अकोल्याला नेली, आणि शेठ जिनात बोलला म्हणजे सगळं अकोलं ऐकतं.

घरी मी भाटव्याचे पाय धुतले, गंध लावलं, ताटात धोंडे नि अनारसे माझ्या हातानं वाढले. त्यानं ताटावर हात आडवा धरला. मी वाढतच राहिलो. घ्या ना भाऊजी, रीत आहे.

बहिणीनं चुलीपाशी विचारलं, "झालं तुझं समाधान?"

"झालं," मी म्हटलं.

त्या दिवाळीत ती भाऊबीजेला आली नाही. मीही पाट मांडून वाट पाहिली नाही. अकोल्याहून एक मोटार ब्रेकसाठी आली होती, मी तिच्याखाली होतो.