मुख्य काम कोणतं?

नव्वदीच्या दशकात आई आपल्या मुलाला दिवसातून किती वेळ देते, हे शोधून काढण्याची गरज पुण्याच्या एका संस्थेला भासली. त्यासाठी अर्थशास्त्रात बी.ए. झालेली, बारामतीत राहणारी आणि एस.टी.नं हिंडायची तयारी असलेली बाई त्यांना हवी होती. मी तिन्ही अटींत बसले. माझ्या तीन वर्षांच्या मुलीला सासूबाईंकडे सोपवून मी रोज सकाळी दुसऱ्यांच्या मुलांना किती वेळ मिळतो ते मोजायला बाहेर पडू लागले. यात काही चमत्कारिक आहे असं घरात कुणालाच वाटलं नाही. मलाही नाही.

आमच्या पर्यवेक्षकांचं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे मुलं कशी वाढवावीत याबद्दल त्यांना कसलीही शंका नव्हती. त्यांनी दिलेल्या फॉर्मवर दिवसाच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चौकटी होत्या. एका चौकटीत एकच काम लिहायचं. बाई एका वेळी दोन कामं करत असेल, तर त्यातलं मुख्य कोणतं ते तिलाच विचारायचं.

कळंब गावात माझ्या वाट्याला आलेल्या घरातल्या बाईला दीड वर्षाची मुलगी होती. पहिल्या दिवशी उत्तरं तिच्या नवऱ्यानं दिली. ती काही करत नाही, घरीच असते, असं सांगून तो उसाला पाणी द्यायला निघून गेला. मग मी त्या काही न करणाऱ्या बाईच्या चौकटी भरायला घेतल्या. झाडलोट, पाणी, धार, भाकरी, शेण, वैरण. चौकटी संपत आल्या तरी मुलीचं नाव निघेना. शेवटी मीच विचारलं, मुलीसाठी खास वेळ कधी काढता?

"येगळा येळ कशाला?" ती म्हणाली. "ती कडंवरच असती की."

पुढचे काही दिवस मी तिच्याजवळ बसून पाहिलं. धार काढता काढता ती लेकीला म्हशीचे कान, शेपूट, शिंगं दाखवायची आणि पोर एकेक शब्द घोळवून म्हणायची. मी लिहायची, धार काढणे. भाकरी थापताना ती लेकीच्या हातात पिठाचा गोळा द्यायची, पोर तो चुरगाळून 'भाकल' म्हणत पुढं करायची. मी लिहायची, स्वयंपाक.

मुलीच्या बुद्धीचीही परीक्षा होती. झेरॉक्समध्ये काळंकुट्ट झालेलं गाईचं चित्र दाखवल्यावर पोर म्हणाली, म्हस. आईनं वाकून पाहिलं आणि म्हसच हाय म्हणून सांगितलं. मी पूर्ण गुण दिले. पर्यवेक्षकांनी ते तपासणीत कापले. लिफ्टचं चित्र पोरीला ओळखता आलं नाही, म्हणजे त्या वयाला साजेशी वाढ नाही, असंही त्यांनी मला समजावलं. कळंबात लिफ्ट नव्हती, हा कळंबचा दोष.

एक दिवस त्या बाईनं मला विचारलं, माझं लेकरू कुणापाशी असतं. मी सांगितलं.

"मग तुमी तिला किती येळ देता?"

विचारणाऱ्यालाच कुणी विचारलं तर काय करायचं, हे प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. संध्याकाळी देते, असं काहीतरी मी पुटपुटले. ती हसली नाही. एकदा हितं घेऊन या तिला, एवढंच म्हणाली.

कामावर घरचं माणूस न्यायला सक्त मनाई होती. पण पुढच्या आठवड्यात सासूबाई इंदापूरला बारशाला गेल्या आणि मी मुलीला घेऊन एस.टी.त बसले. दोन्ही पोरी परीक्षेच्या लाकडी ठोकळ्यांवरून आधी भांडल्या, मग ते ठोकळे दोघींनी मिळून रेडकाला चारायला नेले. बाई अंगणात ज्वारी पाखडत होती. तेवढ्यात जीप आली. पर्यवेक्षक अचानक तपासणीला आले होते.

"या दोघी कोणाच्या?" त्यांनी विचारलं.

मी उगाच फॉर्म चाळू लागले.

"दोगी बी माझ्याच," सुपावरची नजर न काढता बाई म्हणाली.

त्यांनी फॉर्म पाहिला आणि मला झापलं. कुटुंबात दोन मुली असताना एकच लिहिणं म्हणजे संशोधनाशी बेइमानी, वगैरे. मग त्यांच्यादेखत मी माझी मुलगी त्या घरात लिहिली, वय तीन वर्षं. त्यांनी तिची परीक्षाही स्वतः घेतली. पुण्याला तिच्या मावशीच्या इमारतीत लिफ्ट होती, त्यामुळे ती पटकन पास झाली. ते फार खूश झाले.

"बघा," जीपमध्ये बसताना ते मला म्हणाले, "घर तेच, आई तीच. पण या बाईनं थोरलीला जास्त वेळ दिलेला दिसतोय."

जीप गेल्यावर बाई पदर तोंडाला लावून हसत बसली. मलाही हसू आलं आणि मध्येच कुठंतरी ते थांबलं. तिनं ते पाहिलं असावं. तिनं सूप बाजूला ठेवलं, माझ्या मुलीला मांडीवर घेतलं आणि तिच्या केसांत उडालेली ज्वारीची फोलपटं वेचून काढली.

तो फॉर्म मी तसाच पुण्याला पाठवला. पुढच्या फेरीसाठी मला पुन्हा बोलावणं आलं, पण ऊन सोसत नाही असं मी कळवलं. खरं कारण लिहायला त्या पत्रात जागा पुष्कळ होती, पण मला ते नीट सांगता आलं नसतं.