अमावस्येची सुट्टी

आत्याचा डावा हात सरळ का होत नाही, हे तुम्ही दोघांनी व्हिडिओ कॉलवर तिलाच विचारलंत. ती हसली आणि फोन माझ्याकडे दिला. तुम्ही एकही दिवस न चुकवता जिमला जाता हेही त्याच कॉलवर कळलं, म्हणून लिहिते आहे.

ती कॉलेजात होती आणि वेटलिफ्टिंगच्या राज्य संघाच्या निवड चाचणीची तयारी करत होती. सकाळी उदगीरला कोचकडे आणि संध्याकाळी पुन्हा देवणीत घरी, गोठ्याशेजारी. तिथे तुमच्या आजोबांनी कोबा करून बार आणून ठेवला होता. संध्याकाळी तिला विश्रांती द्या, असं कोच सांगत. आजोबा त्यांना आळशी म्हणत.

चाचणी जवळ आली तशी तिची भूक गेली, झोप गेली. आधी सहज उचललेलं वजन आता उचलेना. कोपर ठणकायचं. त्यातच अमावस्या आली. आपल्याकडे त्या दिवशी बैल जुंपत नाहीत. आजोबा जोडी धुऊन त्यांचे खांदे तेलाने चोळत होते.

"अप्पा, आज मलाही अमावस्या द्या ना."

"का? बैल हायस का तू?"

"बैल असते तर चोळलं तरी असतं."

"बैल औत वढतोय. तू काय वढायलीस? उचल."

मी तेव्हा घरात नवी सून होते, शाळेत इंग्रजी शिकवायचे. मी मध्ये पडले, तर मला म्हणाले, "तुझं इंग्रजी शाळेत ठेव." तिने बार उचलला.

नांदेडच्या चाचणीत बार डोक्यावर गेला आणि तिचं डावं कोपर उलटं वळलं. तो आवाज मला मागच्या रांगेत ऐकू आला. परतताना गाडीत आजोबा एवढंच बोलले, "लई नाजूक निघाली."

यंदा त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. चालण्याचा व्यायाम आत्याच करून घेते. दमले की बसवा, असं डॉक्टरांनी तिला बजावलं आहे. मागच्या अमावस्येला ओसरीत चालताना त्यांचे पाय लटपटू लागले.

"बस कर बाई," ते वॉकर धरून म्हणाले. "आज अमावस्या हाय."

"मग? तुम्ही काय बैल आहात का, अप्पा?" तिने अगदी मऊ आवाजात विचारलं.

मी खुर्ची पुढे केली. तिने ती उजव्या हाताने मागे ओढली.

"चला."

ते चालले.