मैमुनाभाभी आणि चिखल्याची अंडी

पौडच्या बाजारात मैमुना मुलाणींचं चिकनचं दुकान आहे. नवरा गेला तेव्हा लोकांना वाटलं, बाई दुकान विकून उरवड्याला मुलाकडे जाईल. बाईनं पाटी तेवढी बदलली आणि स्वतःचं नाव नवऱ्याच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात लिहून घेतलं. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की ती पिंजऱ्यातल्या कोंबडीकडे बोट दाखवायची. "तिला इचारा. तिची काय हरकत नसंल तर माझीबी न्हाई."

मसाला लावून दिलेलं तिचं चिकन मात्र तालुक्यात एक नंबर. दर शनिवारी ते मुळशी धरणाच्या काठावर हैबतरावांच्या कॅम्पला जायचं. हैबतरावांनी तिथे तंबू ठोकले होते. पुण्याहून मंडळी यायची, शेकोटीभोवती नाचायची, कोंबड्या फस्त करायची आणि निसर्ग फार छान आहे असं म्हणून परत जायची.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे हटतं आणि तळाचे गोटे, खडी उघडी पडते. डांबरी रस्त्याचा वळसा वाचवायला मैमुना स्कूटर सरळ त्या खडीतूनच घालायची. एप्रिलातल्या एका शनिवारी ती अशीच धडधडत निघाली असताना एक मुलगी दोन्ही हात पसरून आडवी आली.

"काकू, थांबा! पुढे अंडी आहेत!"

"माझ्याकडं कोंबड्या हायेत," मैमुना म्हणाली. "सर बाजूला."

मुलगी सरली नाही. उत्कर्षा तिचं नाव. मूळची लातूरची, कामाला हिंजवडीत, राहायला बावधनला, आणि सुट्टीच्या दिवशी इथे उन्हात गोट्यांवर पालथी पडलेली. तिच्यासोबत सूसचा अमोघ होता. त्याच्या गळ्यात कॅमेरा होता आणि कॅमेऱ्याला ड्रेनेजच्या पाइपाएवढी नळी. काठावर अंडी घालणाऱ्या पाखरांवर लक्ष ठेवायचं, घरट्यांपासून गाड्या आणि माणसं लांब ठेवायची, असं काम ही मंडळी करायची. पगार नाही, पाणी घरून आणायचं.

उत्कर्षानं बोट दाखवलं तरी मैमुनाला अंडी दिसेनात. मग दिसली. स्कूटरच्या चाकापुढे हातभर अंतरावर, खडीतच, खडीसारखीच तीन.

तेवढ्यात एक चिमुकला पक्षी पुढ्यात आला. गळ्यात काळी पट्टी, डोळ्याभोवती पिवळं कडं. एक पंख जमिनीवर फरफटत तो केविलवाणा ओरडत चालला होता.

"पंख मोडलाय गं बिचारीचा," मैमुना म्हणाली. "थांब, हाल नको. सुरी हाय माझ्यापाशी."

आणि ती त्याच्या मागे धावली. पक्षी लंगडत पुढे, मैमुना धापा टाकत मागे. आता हाताला लागणार, मग लागणार, असं करत तिनं बराच काठ पालथा घातला. मग पक्ष्यानं दोन्ही पंख उघडले आणि तो झोकात उडून गेला.

"नाटक करते ती," उत्कर्षा मागून येत म्हणाली. "अंड्यांपासून आपल्याला लांब न्यायला."

मैमुना एका दगडावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हजारो पाखरं तिच्या हाताखालून गेली होती, पण असं कुणी गंडवलं नव्हतं. "लई वस्ताद हाय की. नाव काय हिचं?"

"कंठेरी चिखल्या."

"एवढी गोरीगोमटी, आन नाव चिखल्या? बारशाला कोण गेलतं?"

रविवारी ती कामाशिवायच काठावर आली. त्यानंतरही येत राहिली. उत्कर्षाच्या मंडळींनी तिला टी-शर्ट दिला. त्यावर मोठ्या अक्षरात 'पक्षीमित्र' लिहिलं होतं. सोमवारी तोच घालून ती दुकानात कोंबड्या कापायला बसली. अख्खा बाजार बघायला लोटला. "का, मैत्री न्हाई का माझी?" ती सुरी परजत म्हणाली. "रोज उठून कोणासंगं असते मी?"

काठावरची तिची पद्धतही तिचीच होती. उत्कर्षा पर्यटकांना जैवविविधता समजावून सांगायची, ते माना डोलवायचे आणि गाडी पुढे काढायचे. मैमुना नुसती गाडीपुढे उभी राहायची आणि विचारायची, "तुमच्या बाळंतिणीच्या खोलीत मी स्कूटर घातली तर चालंल का?" गाड्या मागे वळायच्या.

पण अंडी टिकेनात. पहिलं घरटं एका सकाळी रिकामं सापडलं, मग दुसरं. कुणी कावळ्यांना बोल लावला, कुणी कोल्ह्याला. मैमुनानं सरसकट पुण्याच्या लोकांना लावला. शेवटी अमोघनं एका खुंटाला आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधला.

रविवारी सकाळी सगळ्यांनी लॅपटॉपवर ते फोटो पाहिले. पहिल्या फोटोत मैमुनाची स्कूटर होती, पायाशी चिकनची पिशवी. दुसऱ्यात स्कूटरमागून तीन कुत्री, शेपट्या वर करून वरातीसारखी. तिसऱ्यात मैमुना घरट्यापाशी वाकून कौतुकानं बघत होती. चौथ्यात मैमुना नव्हती. कुत्री होती.

अमोघ गळ्यातला पट्टा सारखा करत बसला.

"सरळ बोला की," मैमुना म्हणाली. "वास माझाच हाय."

"काकू, तुमची चूक नाही," उत्कर्षा म्हणाली. "पण थोडे दिवस..."

"येत न्हाई."

ती गेली. त्या आठवड्यात ती गिऱ्हाइकांना एकही वाकडा शब्द बोलली नाही. लोक घाबरले. मुलगा शाकिर उरवड्याहून धावत आला आणि डॉक्टरकडे चल म्हणाला. तिनं त्याला जेवायला वाढलं आणि विचारलं, "त्या काठाला आधी कुत्री व्हती का रं?"

शाकिर म्हणाला, "न्हाई. हैबतरावांचा कॅम्प झाल्यापास्नं आली. हाडं टाकत्यात ना पाण्याकडंला."

मैमुनानं त्याचं ताट तसंच ठेवलं आणि स्कूटर काढली.

हैबतराव खुर्चीत पाय पसरून बसले होते. "या भाभी! ह्या शनिवारी जरा जास्तीचं लागतंय."

"उष्ट्या हाडांना खड्डा करा, वर माती टाका. गाड्या वर रस्त्याला लावा. मग चिकन."

हैबतराव हसले. "त्या चिमूटभर पाखरापायी? भाभी, तुमीच तर रोज पाखरं मारता."

"मारते. पैसं घेऊन, समोरासमोर मारते. तुमच्यावानी कुत्र्यांना पोरंबाळं खाऊ घालत न्हाई."

"मी पिरंगुटवरनं मागवीन."

"मागवा."

त्यांनी मागवलं. पहिल्या शनिवारी पाहुण्यांनी मागच्या वेळची चव नाही म्हणून तक्रार केली. दुसऱ्या शनिवारी अर्धी मंडळी पनीरवर गेली आणि उरलेल्यांनी कॅम्पला पाचांतले एकेकच तारे दिले. ते इंटरनेटवर जाऊन बसले. सोमवारी हैबतरावांनी स्वतः फोन केला. खड्डा खणून झाला होता. गाड्या अडवायला काठाला दोरी लागली होती. आवाज मात्र असा, की जणू त्यांनीच ही कल्पना काढली.

मैमुनानंही आपली रीत बदलली. माल पोचवायचा तो डांबरी रस्त्यानं. काठावर जायचं ते वेगळ्या दिवशी, साबणानं न्हाऊन, धुतलेल्या कपड्यांत, पायी. "नमाजाला जाताना बी एवढी घासत न्हाई मी," ती उत्कर्षाला म्हणाली. हाडं मिळेनात तशी कुत्री हळूहळू गावाकडे सरकली. आणि मेच्या मध्याला, कॅम्पपासून थोड्याच अंतरावर, चिखल्याच्या जोडीनं पुन्हा तीन अंडी घातली.

पिल्लं बाहेर आली त्या दिवशी कॅम्पवर एका कंपनीची सहल होती. तंबूंपुढे खुर्च्या मांडून सगळे नाश्त्याला बसले होते आणि गाणी लागली होती. ही पिल्लं अंड्यातून निघाली की काही तासांत पळू लागतात, आणि पळायचं कुठे हे आईबापांना विचारत नाहीत. त्यातलं एक लिंबाएवढं, काडीसारख्या पायांचं, दोरीखालून निघालं आणि थेट खुर्च्यांच्या गर्दीत घुसलं.

"पाय वर!" मैमुना काठावरून ओरडली.

तिचा आवाज पौडच्या बाजारात तयार झालेला. सगळ्यांनी एकदम पाय खुर्च्यांवर घेतले. एका साहेबांच्या मांडीवर पोह्यांची बशी उलटली, पण ते हलले नाहीत. हैबतराव उभेच होते, त्यांना बसायला जागा नव्हती. ते एका पायावर राहिले. आचाऱ्यानं गाणी बंद केली.

पिल्लू दोन पावलं पळालं, थांबलं, पुन्हा पळालं. एका बुटापाशी बसून त्यानं विचार केला. पलीकडून त्याची आई बारीक आवाजात बोलावत होती. कुणी खोकलंसुद्धा नाही. हैबतरावांचा तोल जायला लागला तसा त्यांनी शेजारच्या पाहुण्याच्या डोक्याला आधार धरला, आणि पाहुण्यानं तो धरू दिला.

मग पिल्लू शेवटच्या खुर्चीखालून बाहेर पडलं आणि गोट्यांत दिसेनासं झालं.

"गेलं का भाभी?" हैबतरावांनी हळूच विचारलं. "पाय टेकू का?"

"थांबा," मैमुना म्हणाली. "अजून दोन हायेत."